ताईच्या हातावरचा चट्टा

माझा राग नाकावर असतो, हे मी बरीच वर्षं चारचौघांत हसत सांगत आले. कुणी आपली उंची सांगावी तसं. शेजारी बसलेली ताई त्यावर मान डोलवायची आणि लोकांना आणखी हसू यायचं, कारण तिचा आवाज चढलेला कुणी कधी ऐकलाच नव्हता. गेल्या श्रावणापासून मी हे सांगणं बंद केलं आहे.

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. तिने लग्न केलं नाही. त्याचं कारण तिने कधी दिलं नाही आणि पुढे आम्ही विचारायचं सोडून दिलं. गिरगावातल्या आमच्या चाळीतल्या दोन खोल्यांत ती आणि आई राहतात. फोर्टात एका म्हाताऱ्या वकिलांच्या कचेरीत ती टायपिंग करायची. वकील गेले, कचेरी बंद झाली आणि ताईने उकडीच्या मोदकांच्या ऑर्डरी घ्यायला सुरुवात केली. संकष्टीला, अंगारकीला, गणपतीत. मी लग्न होऊन दादरला गेले. माझी नोकरी लोअर परळला, जुन्या गिरणीच्या आवारात उभ्या राहिलेल्या एका काचेच्या इमारतीत. औषधाच्या खोक्यात जो बारीक अक्षरांचा घडीचा कागद असतो, त्याचं मराठी करणं हे माझं काम. औषध कधी घ्यावं, कुणी घेऊ नये, काय झालं तर डॉक्टरांना सांगावं. त्यामुळे घरात आजारपणाच्या बाबतीत शेवटचा शब्द माझा असतो, निदान माझी तशी समजूत होती.

ताईला सोरायसिस आहे. पस्तिशीत सुरू झाला. कोपरांवर, गुडघ्यांवर, आणि उजव्या हाताच्या मागच्या बाजूला, करंगळीच्या मुळापासून मनगटापर्यंत. लाल चट्टा आणि त्यावर पांढरट खपल्या. कोपरं बाहीत जातात, गुडघे साडीत जातात, पण मोदक करणारा उजवा हात कुठे घालायचा? हा काही लागट आजार नाही, आपल्याच प्रतिकारशक्तीच्या पेशी आपल्याच कातडीवर उठतात, हे मी चाळीत दारोदार सांगितलं असेल. लोक ऐकून घ्यायचे, "हो का गं" म्हणायचे. मग पुढच्या संकष्टीला नेमकं त्यांना गावाला जायचं असायचं, नाहीतर सुनेला यंदा मोदक शिकायचे असायचे. तोंडावर कुणीच काही बोललं नाही. बोलले असते तर मला भांडता तरी आलं असतं.

मग मी डोकं चालवलं. ताईच्या मोदकाच्या कळ्या इतक्या बारीक आणि सारख्या पडतात की बघणाऱ्याला वाटावं, हिने साचा वापरला. तर ते हात लोकांना दाखवायचे, असं मी ठरवलं. मी दर आठवड्याला गिरगावात जाऊन फोनवर तिचे छोटे व्हिडिओ काढू लागले. बाहेरची माणसं ऑर्डरी द्यायला लागली, परळ-लालबागची, दादरची, एक बाई तर कॉटन ग्रीनवरून यायची. मी फोन नेहमी डावीकडे धरायचे, म्हणजे चट्टा पलीकडे जायचा. एकदा ताईने मधेच पातेलं सरकवलं आणि चट्टा चांगला ठसठशीत दिसला. खाली कुणीतरी लिहिलं, हाताला काय झालंय, धुता की नाही? मी त्या माणसाला सोडलं आणि आमचाच व्हिडिओ काढून टाकला.

त्यानंतर मी हातमोजे आणले. श्रावणातली संकष्टी दुसऱ्या दिवसावर होती. ताई आणि आई नारळ खवून बसल्या होत्या. मी म्हटलं, थोडी उकड काढ, मोजे घालून दोन मोदक कर, मी व्हिडिओ घेते. ताईने मुकाट्याने मोजे चढवले. पहिली पारी फाटली. दुसरी मोज्याला चिकटून बसली. तिने मोजे काढून कट्ट्यावर ठेवले आणि म्हणाली, "यातून उकड कळत नाही गं. कुठे पातळ पडलीय ते मी बोटांनी बघते."

"लोकांना तुझी उकड दिसत नाही," मी म्हटलं. "तुझा हात दिसतो."

ताई यावर काही बोलली नाही. ती वळली आणि भिंतीतल्या काचेच्या कपाटातून ताटं काढायला लागली. आई माझ्याकडे बघत होती. ताई भांडली असती, निदान डोळ्यांत पाणी आणलं असतं, तरी मी थांबले असते, असं मी नंतर स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे. ते खरं असेलही. पण त्या क्षणी तिचं ते गप्प राहणं मला सहन झालं नाही आणि मी कपाटाचं दार जोरात ढकललं. तिचा उजवा हात आत होता. दाराची काच फुटली आणि तिच्या मनगटाच्या वर, करंगळीच्या बाजूला, लांबलचक कापलं.

टॅक्सीत मी टॉवेल दाबून धरला होता आणि ताई मला सांगत होती की गॅस बंद केला का ते आईला फोन करून विचार. परळच्या इस्पितळात डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं? मी तोंड उघडायच्या आत ताई म्हणाली, "मीच घाईत हात घातला, दार निसटलं." डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तेवढंच केलं मी. पुढे आईनेही चाळीत तेच सांगितलं, आणि महिनाभरात ते असं रुळलं की मी स्वतःही कधीकधी तसंच सांगत असे.

सर्जननी टाके घालताना समजावलं. बोटं हलवणाऱ्या नसेला काही झालेलं नाही, बोटं पहिल्यासारखी चालतील. पण हाताच्या मागच्या कातडीला जाणीव देणारी एक नस तुटली होती, ती त्यांनी जोडली. जोडली म्हणजे लगेच चालू होत नाही. ती जोडलेल्या जागेपासून केसाकेसाने पुढे वाढत जाते, त्याला काही महिने लागतात. तोवर करंगळीच्या मागची बाजू बधिर राहील. पूर्ण येईल का, हे आज कुणी सांगू शकणार नाही. ताईने ऐकून घेतलं आणि विचारलं, गणपतीपर्यंत मोदक करता येतील का? ते नाही म्हणाले.

त्या वर्षी गणपतीच्या सगळ्या ऑर्डरी आम्ही नाकारल्या. फोन मीच करायचे, ती शिक्षा मी आपणहून घेतली होती. लोक हळहळायचे, ताईची चौकशी करायचे. ऑफिस सुटलं की मी गिरगावात जायचे. ताई डावा हात वापरून केर काढायला निघाली की तिच्या हातातला झाडू ओढून घ्यायचे. भाजी चिरायचे, कपडे वाळत घालायचे, आणि दर दोन दिवसांनी विचारायचे, काही कळतंय का गं हाताला? ती म्हणायची, येईल. एकदा मी तिच्यासमोर बसून रडले आणि म्हटलं, ताई, मी केलं हे. ती म्हणाली, अगं काच जुनी होती. तिने असं म्हटलं की मला आणखी वाईट वाटायचं, आणि वाईट वाटलं की मी आणखी कामं करायचे. आईला या सगळ्याचा वैताग आला होता. ती म्हणाली, तू घरी जा, तुझा नवरा वाट बघत असेल.

नवरात्रात एका सकाळी आईचा फोन आला. आवाजावरून मला वाटलं, काहीतरी झालं. ती म्हणाली, "अगं, चट्टा गेला."

मी ऑफिसला न जाता गिरगावात गेले. ताई गॅलरीत उभी होती, उजवा हात उन्हात धरून. कोपरावरचे चट्टे होते तसेच होते. गुडघ्यावरचे होते. फक्त उजव्या हाताच्या मागची बधिर कातडी स्वच्छ, मऊ झाली होती. टाक्यांची रेघ सोडली तर तिथे कधी काही होतं असं वाटलंच नसतं. आईने मंगळवार धरले होते, तिच्या मते प्रश्न तिथेच मिटला. मी मात्र ताईला घेऊन तिच्या नेहमीच्या, दादरच्या कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले.

बाईंनी भिंग लावून हात बघितला आणि त्या चक्क खूश झाल्या. म्हणाल्या, असं होतं हे वाचलं होतं, माझ्या पेशंटला झालेलं पहिल्यांदा बघतेय. मग त्यांनी जे सांगितलं ते मला तेव्हा इतकं आवडलं की मी ऑफिसात जाऊन आणखी वाचलं. आपण समजतो की नसा म्हणजे निरोप्या. चटका बसला, मेंदूला कळवलं, काम संपलं. पण कातडीतल्या जाणिवेच्या नसा नुसत्या निरोप वर नेत नाहीत. त्यांच्या टोकांतून तिथल्या तिथे प्रथिनांचे बारीक तुकडे पाझरतात. न्यूरोपेप्टाइड म्हणतात त्यांना. एकाचं नाव सबस्टन्स पी, दुसऱ्याला नुसतंच सीजीआरपी म्हणतात. ते पाझरले की रक्तवाहिन्या रुंदावतात, कातडी लाल होते, आणि प्रतिकारशक्तीच्या पेशींना बोलावणं जातं. लालबागच्या मसाल्याच्या गल्लीतून मिरच्या आणून निवडल्या की हात तास दोन तास लालबुंद होऊन धगधगतात, तो यांचाच उद्योग. मिरचीने कातडी भाजलेली नसते, तिने फक्त नसांना चेतवलेलं असतं. सोरायसिसमध्ये या पेशी आधीच विनाकारण उठलेल्या, आणि नसा त्यांना आणखी हाका मारत राहतात. ताईची नस तुटली, हाका थांबल्या, चट्टा निवला.

मला त्या दिवशी काय वाटलं ते खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. दोन महिने छातीवर जे बसलं होतं ते उठून गेलं. मी दार ढकललं हे वाईटच, पण बघा, त्यातून जे कुठल्या मलमाने झालं नाही ते झालं. हे मी मनात म्हटलं असतं तरी एक वेळ चाललं असतं. मी ते घरी जाऊन बोलले. आईने चहा पुढे केला तेव्हा मी म्हटलं, आता माझी फी काढा. ताई हसली. आई हसली नाही.

बाईंनी आणखी काही सांगितलं होतं. ते असं की हीच रसायनं जखम भरायलाही मदत करतात. नसेने हाक मारली की रक्त येतं, पेशी येतात, नवी कातडी धरते. जिथे नस मुकी, तिथे जखम कळत नाही आणि झाली तर रेंगाळते, म्हणून त्या हाताला जपायचं. आणि नस परत आली की चट्टाही परत येईल, बहुतेक. हा भाग मी घरी सांगितला नाही. म्हणजे लपवायचं असं काही ठरवलं नव्हतं. आईला समजावताना मी चट्टा कसा गेला इथपर्यंत आले, आईच्या चेहऱ्यावर जरा उजेड दिसला, आणि मी तिथेच थांबले. ऑफिसात औषधाच्या कागदावरची 'काळजी घ्या' ही ओळ मी गाळली असती तर मला साहेबांपुढे उभं केलं असतं. घरी मला विचारणारं कोण होतं?

दिवाळीनंतर ताईने पुन्हा मोदक करायला घेतले. आता मी फोन उजवीकडे धरायचे. तिचा हात पडदाभर दिसायचा, आणि बघणारे लिहायचे, काय सुंदर हात आहेत. ते मी तिला मोठ्याने वाचून दाखवायचे. ती म्हणायची, मोदकांबद्दल काही लिहिलंय का बघ.

मार्गशीर्षात तिला भाजलं. मोदकपात्राचं झाकण काढताना हाताची कड तापलेल्या काठाला टेकली आणि टेकलेलीच राहिली, कारण तिला कळलंच नाही. भांडी घासताना आईला फोड दिसला. मी गेले तेव्हा ताई त्यावर काहीतरी लावून नेहमीसारखी तांदळाची पिठी चाळत होती. फोड फुटला, जखम झाली, आणि ती भरेना. आई रोज म्हणायची, एवढंसं तर भाजलंय, का बरं होत नाही? मला का ते माहीत होतं. मी म्हटलं, थंडीने. मुंबईच्या थंडीला इतका मान आजवर कुणी दिला नसेल. ताईने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, हो, थंडीनेच. मग तिने त्यावर पांढरी पट्टी बांधायला सुरुवात केली.

त्या रात्री मला झोप लागली नाही म्हणून मी काही सुधारले असं मात्र झालं नाही. माझ्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. माघी गणपतीच्या आधी दादरला एका छोट्या सभागृहात ताईचा मोदकांचा वर्ग घ्यायचं मी ठरवलं होतं. बायका समोर बसणार, ताईचे हात बघणार. त्याआधी नस परत आली तर? हा प्रश्न मला पहिल्यांदा पडला तेव्हा मी स्वतःवर चिडले. दुसऱ्यांदा पडला तेव्हा चिडले नाही. काही कळतंय का गं, हे विचारणं मी केव्हा बंद केलं ते मला आठवत नाही. पण बंद केलं होतं. माझ्या बहिणीचा हात अजून थोडे दिवस मुका राहावा असं मला वाटत होतं, आणि वाटत होतं हे मला पुरतं कळत होतं.

वर्ग छान झाला. ताईने पट्टी बांधलेल्या हाताने मोदक करून दाखवले. एका बाईने पट्टीबद्दल विचारलं तर मी पुढे होऊन म्हटलं, वाफेने जरा भाजलंय, कामाचे हात आहेत. सगळ्या कौतुकाने हसल्या. तीन-चार जणी तिच्या शेजारी बसून तिचा हात हातात घेऊन कळ्या पाडायला शिकल्या. परत येताना टॅक्सीत मी एकटीच बोलत होते, पुढचा वर्ग काळाचौकीला घेऊ, मग परळला. ताई खिडकीबाहेर बघत हो हो म्हणत होती.

पण पट्टी काही सुटेना. माघ संपत आला तरी ती होतीच. शेवटी मी घाबरले. जखम आत चिघळली असेल, हात जाईल, असं काय काय मनात येऊ लागलं, आणि एका शनिवारी मी ताईला जवळजवळ ओढतच डॉक्टरीणबाईंकडे नेलं. ती नको म्हणत होती. तिने नको म्हटलं म्हणूनच मला जास्त भीती वाटली.

बाईंनी पट्टी सोडली. भाजलेली जखम कधीच भरली होती. तिथे फक्त गुलाबी खूण उरली होती. आणि त्या खुणेच्या आजूबाजूला, मनगटाकडून करंगळीकडे, पुन्हा लाली आणि पातळ खपल्या दिसत होत्या. मी बघत राहिले. बाई म्हणाल्या, लाली आलीय म्हणजे नस आलेली दिसतेय, बघू या. त्यांनी ताईला डोळे मिटायला सांगितले आणि कापसाचा बोळा घेतला. कळलं तर हो म्हणा, नाहीतर नाही.

बाईंनी कापूस टेकवला. ताई म्हणाली, नाही. बाईंनी हात मागे घेतला, थोडा वेळ काहीच केलं नाही. ताई गप्प. पुन्हा टेकवला. ताई म्हणाली, नाही. पुन्हा थांबल्या, ताई गप्प. तिसऱ्यांदा अगदी हलकेच टेकवला, आणि ताई लगेच म्हणाली, नाही.

बाईंनी कापूस खाली ठेवला. "नाही कधी म्हणायचं ते तुम्हाला बरोबर कळतंय," त्या म्हणाल्या.

ताईने डोळे उघडले. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. खोटं तिला कधीच नीट जमलेलं नाही, फक्त माझ्यासाठी बोलते तेव्हा जमतं, आणि त्या दिवशी तेही जमलं नाही. मग तिने बाईंना सांगितलं, संक्रांतीच्या सुमारापासून मुंग्या येतात. आधी खाज सुटली, मग पाणी थंड की गरम ते कळायला लागलं. बाई म्हणाल्या, अहो मग ही तर चांगली बातमी. चट्ट्याला आपल्याकडे मलमं आहेत, गोळ्या आहेत. गेलेल्या जाणिवेला माझ्याकडे काही नव्हतं. त्यांनी मलम लिहून दिलं आणि एक काम सांगितलं. नस नवी आहे, तिला शिकवावं लागतं. घरच्या कुणीतरी रोज वेगवेगळ्या वस्तू त्या जागी टेकवायच्या, हिने डोळे मिटून ओळखायच्या. मी म्हटलं, मी करीन.

खाली उतरून आम्ही एका हॉटेलात बसलो. पियुष मागवलं. शेवटी मी विचारलं, का लपवलंस?

ताई म्हणाली, "तू इतकी मोकळी झाली होतीस. म्हटलं, राहू दे अजून थोडे दिवस."

मग मी सगळं सांगितलं. बाईंनी जखमेबद्दल काय सांगितलं होतं, मी कुठे थांबले, थंडीचं खोटं, आणि हात मुका राहावा असं मला वाटत होतं तेही. शेवटचं सांगताना मी टेबलाकडे बघत होते. ताईने पेला संपवला, ओठ पुसले. म्हणाली, अगं, बाईंनी सांगितलं तेव्हा मी त्याच खोलीत होते की. मराठीतच बोलत होत्या त्या.

खरंच की. पेशंट ती होती. बाई तिच्याशीच बोलत होत्या, मी नुसती शेजारच्या खुर्चीवर होते. इतके महिने मी जे तिच्यापासून लपवत होते ते तिला माहीत होतं, आणि मी लपवतेय हेही माहीत होतं. भाजेल हे माहीत असूनही ती त्या हाताने मोदकपात्र उतरवत होती. मला वाटलं होतं, बोलून टाकलं की हलकं वाटेल. तसलं काही झालं नाही. तिने बिल माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाली, चल, आई वाट बघेल.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. दुपारी मी गिरगावात बसून वस्तू गोळा केल्या. कापूस, चमचा, आईच्या लोकरीचा गुंडा, तांदळाची पुरचुंडी, केळीच्या पानाचा तुकडा. बाईंनी सांगितलं होतं, आधी चांगल्या हातावर टेकवा, मग याच्यावर, म्हणजे हिला फरक समजेल. ताई पलंगावर डोळे मिटून बसली, दोन्ही हात मांडीवर. आई शेजारी बसून गंमत बघत होती.

डाव्या हातावर ती पटापट सांगत गेली. उजव्या हातावर वेळ लागत होता. कापूस ओळखला. चमचा थंड लागला म्हणून ओळखला. लोकरीला म्हणाली, टोचतंय, पायपुसणं आणलंस की काय. केळीचं पान तिने लगेच ओळखलं, ते तर तिच्या कामातलंच. आई म्हणाली, झालं ना, आता चहा ठेवते, आणि आत गेली.

वस्तू संपल्या होत्या. मग मी माझं बोट तिच्या डाव्या हाताच्या मागे टेकवलं.

"तू," ताई म्हणाली. एक क्षणही लागला नाही.

मी बोट उचललं आणि उजव्या हातावर, करंगळीच्या खाली, त्या नव्या लालसर खपल्यांवर ठेवलं. ताई थांबली. तिच्या कपाळावर आठ्या पडल्या. मी बोट जरा दाबलं. तिने मान एका बाजूला कलती केली, लांबचं काही ऐकायला करतात तशी.

"हे काय आहे?" ती म्हणाली. "सांग ना. हे ओळखीचं नाही."

तिने डोळे उघडले आणि खाली बघितलं. माझं बोट तिथेच होतं. तिला कळलं, आणि तिचा चेहरा लगेच मला सावरायच्या तयारीत आला. "नस अजून कच्ची आहे ना," ती म्हणाली. "बाई म्हणाल्याच होत्या, वेळ लागेल."

नस कच्ची नव्हती. कापूस ओळखणाऱ्या नसेला बोट ओळखता आलं असतं. चट्टा आल्यापासूनच्या इतक्या वर्षांत मी तिथे हात लावला नव्हता. मी तिचा डावा हात धरायचे, खांदा धरायचे, दंड धरायचे. लागट नाही हे अख्ख्या चाळीला सांगणारी मी. आणि चट्टा गेला त्या महिन्यांत मात्र मी त्या हातावरून कितीदा तरी हात फिरवला होता, तेव्हा तिला काहीच कळत नव्हतं.

हे मी तिला सांगितलं. या वेळी मधेच कुठे थांबले नाही. आत आईचं आधण उकळत होतं. ताई ऐकत होती, आणि ती पुन्हा म्हणेल, अगं तसं नाही, याची मी वाट बघत होते. ती तसं म्हणाली नाही.

मग तिने पुन्हा डोळे मिटले.

"ठेव तसंच थोडा वेळ," ती म्हणाली. "पाठ होऊ दे."